बी.एड. नसताना अमेरिकेत पब्लिक (म्हणजे सरकारी) स्कूलमध्ये शिक्षक होता येतं का? (अल्टरनेट रूट)

निशिगंधा_

मंडळी, 'अमेरिकेत शिक्षण क्षेत्रात करिअर' असा एक जुना धागा सापडला, पण तो वाहत जाऊन मुलांना डब्यात काय द्यावं यावर संपलाय. म्हणून नवा काढतेय.

पार्श्वभूमी अशी: बी.ई. इलेक्ट्रॉनिक्स, पुण्यात काही वर्षं टेस्टिंगमध्ये नोकरी, मग लग्न, न्यू जर्सी, दोन मुलं. आता एच-४ ईएडी (नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्यांना मिळणारा कामाचा परवाना) हातात आहे. टेस्टिंगमध्ये परत जायचा कंटाळा आलाय, खरं सांगायचं तर त्या मुलाखतींचा. रविवारच्या मराठी शाळेत शिकवते आणि ते मनापासून आवडतं. शेजारीण इथल्या मिडल स्कूलमध्ये आहे. ती म्हणाली, गणित-विज्ञानाला माणसं मिळत नाहीत, शिक्षणशास्त्राची पदवी नसली तरी 'अल्टरनेट रूट'ने येता येतं.

राज्याची वेबसाइट वाचायला बसले. सीई, सीईएएस, प्रोव्हिजनल, स्टँडर्ड... डोकं गरगरलं. कोणी या वाटेने गेलंय का? भारतातली पदवी चालते का? की सरळ दोन वर्षांचं मास्टर्स करावं? आणि मुलांच्या शाळेच्या वेळेतच आपली नोकरी, हे जे सगळे म्हणतात ते कितपत खरं?

बंड्या_बोस्टन

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, बायको शिक्षिका आहे. मुलं शाळेतून येतात तेव्हा तीही येते. सोबत शंभरेक वह्याही येतात. बाकीचं जाणकार सांगतील.

अबोली_एनजे

निशिगंधा, मी याच वाटेने आले, सध्या सहावी-सातवीला गणित शिकवते. आधी क्रम नीट समजून घे, म्हणजे गरगर थांबेल.

'सीई' हा राज्याचा एवढाच दाखला की ही व्यक्ती नेमणुकीला पात्र आहे. तो हातात आला म्हणजे नोकरी लागली असं नाही, आणि तो पूर्ण परवानाही नाही. तो घेऊन शाळांकडे अर्ज करायचे. एखाद्या डिस्ट्रिक्टने (त्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या मंडळाने) नेमलं की त्यांच्यामार्फत 'प्रोव्हिजनल' निघतं, ते दोन वर्षांचं. त्या दोन वर्षांत दिवसा शिकवायचं आणि संध्याकाळी नाहीतर शनिवारी मान्यताप्राप्त कोर्सला बसायचं. नोकरीआधीचे ५० तास धरून सगळे मिळून ४०० तास होतात. शाळा एक मेंटॉर देते, मुख्याध्यापक किंवा सुपरवायझर येऊन पाठ बघतात. हे सगळं पार पडलं की 'स्टँडर्ड', आणि त्याचं नूतनीकरण वगैरे नाही. सीईएएस हे ज्यांनी आधीच कॉलेजमधून शिक्षक-प्रशिक्षण आणि स्टुडंट टीचिंग (दुसऱ्याच्या वर्गात सराव) केलंय त्यांच्यासाठी. ते तू सध्या विसर.

सीईला काय लागतं: पदवी, ३.० जीपीए (गुणांची सरासरी), विषयाचे ३० क्रेडिट (कोर्स मोजायचं कॉलेजचं एकक), विषयाची प्रॅक्सिस परीक्षा, ते ५० तास, आणि शरीरशास्त्र-आरोग्याची एक किरकोळ अट. इंग्रजी-गणिताची मूलभूत 'कोअर' परीक्षा १ जानेवारी २०२५ पासून गेली. एडटीपीए नावाचं एक प्रकरण होतं, स्वतःच्या तासाचे व्हिडिओ काढून त्यावर पानंच्या पानं लिहायची. तेही २०२२ च्या शेवटी कायदा करून काढलं. त्यामुळे जुने धागे आणि जुने यूट्यूब व्हिडिओ बघून घाबरू नकोस, त्यातलं निम्मं आता लागू नाही.

खरी ग्यानबाची मेख त्या ३० क्रेडिटमध्ये आहे. इंजिनियरिंगच्या गणिताचे एम-वन ते एम-फोर सगळे पेपर धरले तरी गणिताचे तीस भरणं अवघड जातं. शिवाय त्यातले किमान १२ वरच्या पातळीचे लागतात, म्हणजे पदवीच्या शेवटच्या दोन वर्षांचे किंवा त्यापुढचे. कम्युनिटी कॉलेजमध्ये स्वस्तात क्रेडिट मिळतात, पण या पातळीचे नाही. हे आधी न बघता लोक तिथे फी भरून बसतात. पाचवी ते आठवीच्या गणिताचा परवाना वेगळा आहे, त्याला विषयाचे क्रेडिट कमी लागतात. मी तोच घेतला.

टेक्सासकर

टेक्सासची गोष्ट वेगळी. इथे शिक्षक-प्रशिक्षणाच्या प्रोग्रॅमला आधी नाव घालायचं (बहुतेक ऑनलाइन), जीपीए २.५ असला तरी चालतो, विषयाची टेक्सेस परीक्षा द्यायची, मग 'इंटर्न' सर्टिफिकेटवर पूर्ण पगाराने वर्षभर नोकरी. शाळेतला एक मेंटॉर, आणि प्रोग्रॅमचा एक फील्ड सुपरवायझर अधूनमधून येऊन बसणार. शेवटी पीपीआर, म्हणजे अध्यापनशास्त्राची परीक्षा. ती झाली की पाच वर्षांचं स्टँडर्ड. माझी बायको अशीच आत गेली. एम.एस्सी. केमिस्ट्री होती, आता हायस्कूलला शिकवते.

दोन गोष्टी कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. एक, सगळी भरती मे ते ऑगस्ट. ऑगस्टपर्यंत नाव लागलं नाही तर ते शाळावर्ष बहुधा हातचं गेलं. दुसरी, कॉन्ट्रॅक्टवर सही करून वर्षाच्या मध्येच सोडलंत, तर डिस्ट्रिक्ट राज्याकडे तक्रार करू शकतं आणि सर्टिफिकेटवर कारवाई होते. आयटीसारखी दोन आठवड्यांची नोटीस देऊन टाटा-बाय बाय नाही.

आणि हो, पेन्शन आहे. पण बहुतेक डिस्ट्रिक्ट सोशल सिक्युरिटीत (केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतन योजनेत) पैसे भरत नाहीत. नवऱ्याच्या एचआरला विचारून काही कळणार नाही, स्वतः वाचा.

मास्तर_सातारकर

वाचून गंमत वाटली आणि थोडं वाईटही. आमच्याकडे बारावीनंतर डी.एड., मग टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), मग टेट (भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी), मग पवित्र पोर्टलवर, म्हणजे सरकारी शिक्षक भरतीच्या साइटवर, डोळे लावून बसायचं. टेट पहिल्यांदा झाली २०१७ च्या डिसेंबरात, दुसरी थेट २०२३ मध्ये. मधल्या काळात पोरांची लग्नाची वयं उलटली. निवड झालीच तर तीन वर्षं शिक्षण सेवक. मानधन ६ हजार होतं, २०२३ मध्ये प्राथमिकला १६ हजार केलं. आणि आता सप्टेंबर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने, ज्यांची पाच वर्षांहून जास्त नोकरी उरलीय त्या जुन्या मास्तरांनाही टीईटी द्यायला लावलंय. माझ्या शेजारच्या शाळेतले पन्नाशीचे गुरुजी रात्री बालमानसशास्त्राचं गाइड घेऊन बसतात.

आणि तिकडे काय, तर पदवी आहे, एक पेपर दिला, जा वर्गात. मग मुलांवर प्रयोग कोण करतं, अमेरिका की आम्ही?

खडूफळा

मास्तरांना अनुमोदन. मी इथे मास्टर्स करून रीतसर आले, दोन सेमिस्टर दुसऱ्याच्या वर्गात उभी राहून. पहिल्या सेमिस्टरला तर मी फक्त बघत होते. एखादा मुलगा पेन्सिल आपटायला लागला की माझी मेंटॉर बोलणं न थांबवता चालत जाऊन त्याच्या बाकाशेजारी उभी राहायची. बस. ना दटावणं, ना नाव घेणं. हे पुस्तकात वाचून येत नाही, ऑनलाइन मॉड्यूलमधून तर नाहीच. अल्टरनेट रूटवाल्यांना हे शिकायचं असतं तेव्हा वर्गात दुसरं कोणी मोठं माणूसच नसतं. विषय येणं वेगळं आणि तेरा वर्षांच्या पंचवीस मुलांसमोर उभं राहणं वेगळं.

अबोली_एनजे

खडूफळा, मुद्दा बरोबर आहे, पण 'रीतसर' हा शब्द जरा बोचला बरं. :)

ही चोरवाट नाही. न्यू जर्सीत टॉमस कीन गव्हर्नर असताना १९८५ मध्ये हा मार्ग सुरू झाला, आणि तो सुरू करण्याचं एक कारणच हे होतं की तोवर शिक्षक मिळाला नाही की शाळा 'इमर्जन्सी' परवान्यावर वाटेल त्याला उभं करायच्या, ना विषय येतोय ना प्रशिक्षण. त्यापेक्षा विषय येणारा माणूस घ्या आणि नोकरीवर असताना शिकवा, अशी कल्पना. मास्तर, तुम्ही म्हणता तसं 'एक पेपर दिला आणि जा वर्गात' हे अर्धंच चित्र झालं. त्यानंतरची दोन वर्षं तुम्ही बघितली नाहीत. दिवसभर शाळा, संध्याकाळी सहा ते नऊ कोर्स, घरी येऊन उद्याचा पाठ. माझ्या मुलाने त्या वर्षी आईचं चित्र काढलं, त्यात मी लॅपटॉपच्या मागे होते, फक्त कपाळ आणि डोळे.

पैशाचंही बघा. मास्टर्सची फी भरायची, स्टुडंट टीचिंग बहुतेक ठिकाणी बिनपगारी. एच-४ वर घर एका पगारावर चालत असताना ते सगळ्यांना झेपत नाही.

बंड्या_बोस्टन

धागा पॉपकॉर्न घेऊन वाचण्याच्या टप्प्यावर आलेला आहे.

रसमलाई

निशिगंधा, मी तुला वेगळंच सांगते. आधी सबस्टिट्यूट (सब, म्हणजे बदली शिक्षक) हो. न्यू जर्सीत ६० कॉलेज क्रेडिटवर सबचा परवाना मिळतो, म्हणजे तू आजच पात्र आहेस. बोटांचे ठसे, पार्श्वभूमी तपासणी, टीबीची टेस्ट, की झालं.

माझा पहिला आठवडा सांगते. चौथा तास, आठवी. टेबलावर गैरहजर बाईंनी ठेवलेला कागद: 'वर्कशीटचं पान दोन, उरलेल्या वेळात शांत वाचन.' हजेरी घ्यायला लागले तर दोन मुलांनी आपापसात नावं बदललेली. मागची रांग हसतेय, मला कळेना काय झालंय. एकाला बाथरूमला जायचं होतं, त्याला सोडलं तर लगेच पाच हात वर. वर्कशीट दहा मिनिटांत 'झालं', म्हणजे कोणीच केलं नव्हतं. एवढ्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी डोकं वर न करता हळूच म्हणाली, "मिस, सीटिंग चार्ट फोल्डरच्या मागच्या कप्प्यात असतो. आणि हॉल पास एकच आहे, तो परत आल्याशिवाय दुसऱ्याला सोडायचं नाही." त्या मुलीने मला त्या दिवशी जे शिकवलं ते नंतर कोर्समध्ये तीन तास चाललं.

सबिंगमध्ये तुला कळेल की तुला मुलं आवडतात की 'शिकवणं' ही कल्पना आवडते. रविवारच्या मराठी शाळेत मुलांचे आईबाप बाहेर चहा पीत बसलेले असतात. इथे नसतात.

निशिगंधा_

रसमलाई, शेवटची दोन वाक्यं नवऱ्याला वाचून दाखवली, तो फार हसला. सगळ्यांचे आभार, वाचतेय. सब होताना पगार कसा असतो? आणि भारतातल्या पदवीचं मूल्यांकन (ती इथल्या पदवीच्या बरोबरीची आहे का ते) कुठून केलं ते कोणीतरी सांगा.

रसमलाई

पगार दिवसावर, डिस्ट्रिक्टप्रमाणे फार फरक. त्यावर घर चालणार नाही, एवढं गृहीत धर. पण मुख्याध्यापक तोंडओळखीचे होतात. मला पुढे जी दीर्घ मुदतीची बदली मिळाली (एका बाईंची बाळंतपणाची रजा) ती अशीच कॉपी मशीनपाशी उभं असताना.

रेवाकाठ

मूल्यांकनाबद्दल. साधं 'डॉक्युमेंट बाय डॉक्युमेंट' घेऊ नका, 'कोर्स बाय कोर्स' लागतं, कारण क्रेडिट विषयवार मोजायचे असतात. संस्था राज्याच्या यादीतलीच हवी. चार वर्षांच्या बी.ई.ला अडचण येत नाही. अडचण येते ती तीन वर्षांच्या बी.एस्सी., बी.कॉम., बी.ए.ला. काही संस्था कॉलेजचं नॅक मानांकन आणि श्रेणी बघून ती पूर्ण पदवी धरतात, काही तीनच वर्षांची धरतात. पुढे एम.एस्सी. असेल तर दोन्ही मिळून निभावतं. पैसे भरण्याआधी ईमेलने विचारा.

ट्रान्सक्रिप्टला (विद्यापीठाच्या अधिकृत गुणपत्रिकेला) मात्र भरपूर वेळ ठेवा. माझ्या विद्यापीठात (नाव नको) सीलबंद पाकीट हवं म्हटल्यावर खिडकीतल्या गृहस्थांनी माझ्या वडिलांना विचारलं, "सील म्हणजे लाख का?" वडिलांनी प्रामाणिकपणे बाजारातून लाख आणली.

बंड्या_बोस्टन

हहपुवा. लाख मोलाचा अनुभव.

घोडबंदर_रोड

मास्तर_सातारकर, आपल्याकडेही आडवाट होतीच की. शिक्षण हक्क कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती करून अप्रशिक्षित शिक्षकांना ३१ मार्च २०१९ पर्यंत मुदत दिली होती, आणि एनआयओएसने (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाने) नोकरीत असलेल्यांसाठी अठरा महिन्यांचा डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांचा डिप्लोमा) काढला. देशभरातून लाखो लोकांनी केला. पुढे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तो दोन वर्षांच्या डिप्लोम्याच्या बरोबरीचा नाही. लोकांनी नोकरी सांभाळून केलेला कोर्स, नव्या भरतीत धरेनात. त्याच वर्षी बी.एड.वाले पहिली ते पाचवीला अपात्र ठरले, तो निकाल वेगळा.

म्हणजे फरक असा, की तिकडे आडवाट असली तरी तिच्या टोकाला स्टँडर्ड परवाना आहे हे पहिल्या दिवशी माहीत असतं. आपल्याकडे वाट चालून झाल्यावर कोर्टात कळतं ती कुठे जाते.

मास्तर_सातारकर

घोडबंदर, हे मान्य. बोललात ते मनातलं बोललात. माझा राग अमेरिकेवर नव्हताच तसा.

पण खासगी इंग्रजी शाळांत बी.एड. नसलेल्या बाया पाच-सात हजारांवर शिकवतात, ती आपली खरी अल्टरनेट रूट. फक्त तिला परवाना मिळत नाही.

चिमणराव_नाहीत

टीच फॉर इंडिया पण आहे ना? माझी भाची पुण्यात महापालिकेच्या शाळेत दोन वर्षं होती.

घोडबंदर_रोड

आहे, २००९ पासून, सुरुवातच पुणे-मुंबईतून. पण ती फेलोशिप, त्यातून सरकारी शिक्षकाची पात्रता मिळत नाही. अमेरिकेतलं टीच फॉर अमेरिका वेगळं. तिथे ती मुलं शिकवता शिकवता त्या त्या राज्याच्या पर्यायी मार्गातून परवानाही घेत असतात.

कुसुम_बेएरिया

कॅलिफोर्नियाची नोंद असावी म्हणून. इथे 'इंटर्न क्रेडेन्शियल' दोन वर्षांचं. त्याआधी १२० तासांचं पूर्वप्रशिक्षण, विषयज्ञान सिद्ध करायचं (सीसेट परीक्षा देऊन, किंवा पदवीचे विषय जुळत असतील तर त्यावर), आणि नोकरी हातात हवी. सीबेस्टचं (मूलभूत कौशल्यांच्या परीक्षेचं) भूत २०२४ पासून पदवीधरांच्या मानगुटीवरून उतरलं. इंटर्न संपून प्रिलिमिनरी (प्राथमिक परवाना) मिळालं की त्यावर दोन वर्षांचं 'इंडक्शन', मग क्लिअर क्रेडेन्शियल, म्हणजे पूर्ण परवाना. म्हणजे आत यायला सोपं, पण पूर्ण व्हायला बराच काळ.

खडूफळा आणि अबोलीच्या वादात माझं मत टाकते. मधली वाटही आहे: रेसिडेन्सी. वर्षभर अनुभवी शिक्षकाच्याच वर्गात काम, सोबत कोर्स, थोडं विद्यावेतन, आणि नंतर त्याच डिस्ट्रिक्टमध्ये काही वर्षं शिकवण्याची हमी द्यायची. मी तेच केलं. जागा कमी असतात, पण गणित-विज्ञान आणि स्पेशल एज्युकेशनवाल्यांना आधी घेतात.

खडूफळा

कुसुम, रेसिडेन्सीला माझी काहीच हरकत नाही, ती तर स्टुडंट टीचिंगहून बरी. माझा आक्षेप 'एकटं सोडण्याला' आहे. अबोली, तुझा मेंटॉर कसा होता ते सांग बघू खरं खरं.

अबोली_एनजे

खरं खरं सांगते. कागदावर होता. तो शेजारच्या वर्गात विज्ञान शिकवायचा, त्याचा आणि माझा मोकळा तास एकच नव्हता. आम्ही बसच्या ड्यूटीवर उभे राहून बोलायचो. भला माणूस, पण पालकांना ईमेल कशी लिहायची याच्यापुढे आमची गाडी गेली नाही. आणि मेंटॉरचे पैसे बऱ्याच ठिकाणी आपल्याच पगारातून कापतात, सीईवाल्यांचे १०००, सीईएएसवाल्यांचे ५५० डॉलर.

मला वाचवलं ते मजल्यावरच्या स्पेशल एज्युकेशनच्या बाईंनी. माझ्या एका वर्गात त्या को-टीचर होत्या. मी गणित सांगायचे, त्या मुलं सांभाळायच्या. डिसेंबरात असिस्टंट प्रिन्सिपल पाठ बघायला आले, लॅपटॉप घेऊन मागे बसले. मला वाटलं माझं फळ्यावरचं बघतील. त्यांनी एका मुलाशेजारी वाकून विचारलं, "तू आत्ता काय शिकतोयस, आणि का?" मुलगा म्हणाला, "रेशो. कारण मिस म्हणाल्या." अहवालात ते जसंच्या तसं आलं. आदल्याच आठवड्यात त्या को-टीचरबाई म्हणाल्या होत्या, फळ्यावर उद्दिष्ट लिहितेस ते मुलांकडून वदवून घे. मला ते नाटकी वाटलं होतं. जानेवारीपासून रोज वदवून घेते.

म्हणून निशिगंधा, मुलाखतीत तू पण विचार: मेंटॉर कोण, माझ्याच विषयाचा आहे का, आमचा मोकळा तास एक असेल का. विचारलं की राग नाही येत त्यांना, उलट बरं वाटतं.

खडूफळा

+१. यावर आपलं जमलं म्हणायचं. ;)

सुगरण_प्लेनो

जरा अवांतर. मराठी विषयाचा परवाना मिळतो का हो? इतक्या ठिकाणी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शाळा चालतात.

कुसुम_बेएरिया

माझ्या माहितीत पब्लिक स्कूलमध्ये मराठी विषय म्हणून कुठे पूर्णवेळ शिक्षक नाही. न्यू जर्सीत काही हायस्कुलांत हिंदी आहे, तिथे जागतिक भाषांचा परवाना घेणाऱ्यांना अ‍ॅक्टफुल या संस्थेची त्या भाषेची तोंडी आणि लेखी परीक्षा लागते. मंडळाच्या शाळांचं मराठी काही डिस्ट्रिक्ट भाषेच्या क्रेडिटसाठी धरतात, तो मुलांचा फायदा. आपल्याला परवाना नाही, फक्त रविवारचा चहा.

टेक्सासकर

या धाग्यावर अजून कोणी व्हिसाचं बोललं नाही, आश्चर्य आहे.

एच-४ ईएडी २०१५ पासून आहे, पण तो नवऱ्याच्या किंवा बायकोच्या ग्रीन कार्ड अर्जाच्या टप्प्यावर अवलंबून. आधी नूतनीकरणाचा अर्ज केला की जुन्या कार्डावर ५४० दिवसांपर्यंत आपोआप मुदतवाढ मिळायची. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना ती बंद झाली. म्हणजे कार्ड संपलं आणि नवं आलं नाही, तर त्या दिवसापासून वर्गात जाता येणार नाही. आमच्या ओळखीच्या एका ताईंना मार्चमध्ये, परीक्षांच्या तोंडावर बिनपगारी रजेवर जावं लागलं. मुलांना सांगताना काय सांगायचं हेही त्यांना कळेना. शाळा चांगली होती, जागा धरून ठेवली. सगळ्याच धरतील असं नाही. नूतनीकरणाचा अर्ज १८० दिवस आधी करता येतो, त्या दिवशीच करा.

एल-२ वाल्यांना (कंपनीने बदली करून आणलेल्यांच्या नवरा-बायकोला) २०२१ च्या नोव्हेंबरपासून वेगळं कार्ड लागत नाही, त्यांचं बरं आहे. आणि 'डिस्ट्रिक्ट माझा एच-१ (स्वतःचा नोकरीचा व्हिसा) करेल' या भरवशावर कोणी राहू नये. पब्लिक स्कूल डिस्ट्रिक्टना सहसा त्या व्हिसाच्या लॉटरीतून सूट नाही, आणि सप्टेंबर २०२५ च्या एक लाख डॉलरच्या शुल्कानंतर बाहेरून माणूस आणणं तर विसराच.

सुगरण_प्लेनो

टेक्सासमध्ये विनापरवाना पण घेतात ना? माझ्या मुलीच्या शाळेतले सायन्सचे सर सर्टिफाइड नाहीत असं पत्र आलं होतं.

टेक्सासकर

घेत होते. २०१५ च्या कायद्याने 'डिस्ट्रिक्ट ऑफ इनोव्हेशन' झालेल्यांना परवान्याच्या अटीतून सूट मिळवता येते, आणि कोविडनंतर तिचा सर्रास वापर झाला. २०२५ च्या कायद्याने मुख्य विषयांसाठी ते टप्प्याटप्प्याने बंद होतंय. म्हणून आता त्या सगळ्यांची प्रोग्रॅमला नावं घालायची धावपळ चाललीय. अल्टरनेट रूटला नावं ठेवणाऱ्यांनी हे बघावं: तो बंद केला की त्या जागी बी.एड.वाले येत नाहीत, काहीच न केलेले येतात.

मास्तर_सातारकर

हे वाक्य आमच्या शिक्षणमंत्र्यांना पाठवायला हवं. इथे वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांवर सेवानिवृत्तांना कंत्राटी नेमायचं चाललं होतं.

पॅराताई

मी गप्प वाचत होते. एक सांगावंसं वाटलं. सगळ्यांनी परवान्याच्याच मागे लागलं पाहिजे असं नाही. मी पॅराप्रोफेशनल, म्हणजे वर्गातली मदतनीस आहे, ऑटिझम असलेल्या एका मुलाबरोबर दिवसभर असते. दोन वर्षांचं कॉलेज झालेलं असलं की चालतं, नसेल तर पॅराप्रो परीक्षा. पगार कमी आहे, पण काही डिस्ट्रिक्टमध्ये आरोग्य विमा मिळतो, आणि घरी येताना वह्या येत नाहीत. मुख्य म्हणजे रोज पाच-सहा शिक्षकांचे वर्ग आतून बघायला मिळतात. खडूफळा म्हणतात ते 'नुसतं बघणं' मला पगारी मिळालंय. माझ्या सोबतच्या दोघी इथूनच पुढे सीईला गेल्या. मी नाही गेले, मला हेच आवडतं.

खडूफळा

पॅराताई, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा.

बंड्या_बोस्टन

वह्या येत नाहीत? बायकोला हा धागा दाखवत नाही.

निशिगंधा_

बऱ्याच दिवसांनी येतेय. अपडेट: मूल्यांकन आलं. बी.ई. पूर्ण पदवी धरली, जीपीए तीनच्या वर निघाला (हुश्श). गणिताचे क्रेडिट अबोली म्हणाली तसेच, तीसपर्यंत पोचत नाहीत. सबचा परवाना आलाय आणि दोन डिस्ट्रिक्टच्या यादीत नाव घातलंय. आत्तापर्यंत जे तास मिळाले त्यातला एक किंडरगार्टनचा होता. तो अनुभव स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. एवढं नक्की कळलं की माझा वयोगट पाचवीच्या वरचा.

ईएडीची तारीख बघितली, नूतनीकरणाचं पाऊल याच उन्हाळ्यात टाकावं लागेल. टेक्सासकर, तुमच्यामुळे कॅलेंडरवर लाल शाईने लिहिलंय.

आता ठरत नाहीये ते असं: पाचवी ते आठवीचं गणित लगेच घेऊ, की क्रेडिट भरून सगळ्या इयत्तांचं? नवरा म्हणतो एकदाच काय ते कर.

अबोली_एनजे

नवऱ्याला सांग, एकदाच काहीच होत नसतं इथे. आधी पाचवी-आठवी घेऊन आत जा. हायस्कूलचं नंतर जोडता येतं, आणि बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये नोकरीत असताना पुढच्या क्रेडिटची काही फी परत मिळते, करार बघ. कायम व्हायला चार वर्षं लागतात, तेवढ्यात सावकाश होईल.

आणि तुझा ५० तासांचा कोर्स कुठल्या कॉलेजात घेतेयस ते कळव. त्यातले काही तास प्रत्यक्ष वर्गात जाऊन करायचे असतात, ते उन्हाळ्यात मिळत नाहीत. शाळा बंद व्हायच्या आत धर.

निशिगंधा_

म्हणजे जूनच्या आधी. बरं. प्रॅक्सिसला तयारी किती लागते? आणि कॅल्क्युलेटर न्यायचा का?

रेवाकाठ

न्यायचा नाही, स्क्रीनवर असतो. हायस्कूलच्या पेपरला (५१६५) तर ग्राफिंग कॅल्क्युलेटर असतो, पुढे तो दिलास तर. तो आधी घरी हाताळून ठेव, आपण लॉग टेबलवाले, तिथेच वेळ जातो. पाचवी-आठवीसाठी ५१६४. गणित तुला येईल, प्रश्नांची भाषा सवयीची नाही. एखादा मुलगा कुठे चुकला आणि का, असे प्रश्न असतात.

रसमलाई

त्यासाठी सबिंगला जातेसच की. वर्कशीट गोळा करताना वाचत जा.